नाटकातले प्रोजेक्शन : पडदा, पुरावा आणि पात्र

नाटकातले प्रोजेक्शन म्हणजे रंगमंचावरच्या एखाद्या पृष्ठभागावर प्रकाशाने उमटवलेले चित्र. ते स्थिर असेल किंवा हलते, आधी तयार केलेले असेल किंवा प्रयोग चालू असतानाच कॅमेऱ्याने टिपलेले. त्यासाठी पांढरा पडदाच हवा असे नाही. भिंत, जाळीदार कापड, रंगमंचाची जमीन, धूर, नटाचा सदरा, यांपैकी काहीही चालते. गेल्या काही दशकांत हे काम इतके वाढले की युरोप-अमेरिकेत नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांच्या जोडीला व्हिडिओ किंवा प्रोजेक्शन डिझायनरचे नाव वेगळे छापले जाऊ लागले. प्रेक्षकाचा प्रश्न मात्र जुनाच आहे: समोर जिताजागता नट उभा असताना हे चित्र तिथे काय करते? आजवरच्या प्रयोगांतून त्याची साधारण तीन उत्तरे मिळतात. चित्र नेपथ्याच्या पडद्याचे काम करते, पुराव्याचे काम करते किंवा स्वतःच एक पात्र होते. यांतल्या पहिल्या कामावर सर्वांत जास्त पैसा खर्च होतो आणि हाती सर्वांत कमी लागते तेही त्याच कामात.

या तंत्राचा पूर्वज मॅजिक लँटर्न. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास तो बनवला. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा आणि पुढे भिंग, एवढाच त्याचा संसार. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने खेळ करणाऱ्या एतिएन-गास्पार रोबेरने हा दिवा चाकांवर बसवून पडद्यामागे मागेपुढे फिरवला आणि अंधारात भुते प्रेक्षकांच्या अंगावर धावून येऊ लागली. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर याने आणखी वेगळी युक्ती दाखवली. रंगमंचावर तिरपी उभी केलेली मोठी काच आणि खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी, प्रखर उजेडात उभा असलेला नट. काचेतले त्याचे प्रतिबिंब रंगमंचावरच्या नटांच्या शेजारी भूत म्हणून दिसे. हेन्री डर्क्स या अभियंत्याच्या कल्पनेवरून पेपरने ही युक्ती रंगमंचावर चालेल अशी बेतली होती. पुढे तिच्याशी पेपरचेच नाव जोडले गेले. आज ‘होलोग्राम’ म्हणून जाहिरात होणारे बरेचसे खेळ याच युक्तीचे आधुनिक रूप असतात, फक्त काचेच्या जागी ताणलेली पारदर्शक फिल्म आलेली असते.

महाराष्ट्रातही चित्र, उजेड आणि निवेदन यांची सांगड जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर नाचवतात. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचपट्ट्या भराभर बदलून हालचालीचा भास घडवला जाई आणि जोडीला निवेदन व गाणे असे. या खेळांचा उल्लेख सहसा भारतीय सिनेमाच्या पूर्वेतिहासात होतो. प्रत्यक्षात तो रंगमंचीय प्रयोगही होता, कारण चित्राची गती निवेदकाच्या हातात होती. त्याच काळात संगीत नाटकांच्या कंपन्या रंगवलेल्या पडद्यांवर पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आधी असे पडदे रंगवत आणि मग सिनेमाकडे वळले. महाल, उपवन, राजमार्ग असा एकेक पडदा वरून उतरला की स्थळ बदलले, हा संकेत मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता. नंतर आलेल्या प्रोजेक्शनकडेही तो याच नजरेने पाहू लागला.

आधुनिक अर्थाने प्रोजेक्शन नाटकात आणले ते बर्लिनचा दिग्दर्शक एर्विन पिस्काटोर याने, तेही सजावटीसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धाचे वास्तव दिवाणखान्यातल्या संवादांत मावत नाही, अशी त्याची तक्रार होती. १९२५ च्या ‘ट्रॉट्स आलेडेम’ या राजकीय प्रयोगात त्याने सरकारी संग्रहातली युद्धाची खरी चित्रफीत वापरली. रंगमंचावर राजकारणी युद्धखर्चाला संमती देतात आणि पडद्यावर त्याच संमतीने मेलेली माणसे दिसतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की टीकाटिप्पणीची गरज उरत नाही. १९२७ मध्ये एर्न्स्ट टोलरच्या ‘हॉप्ला, वीर लेबेन’ या नाटकात हीच पद्धत आणखी पक्की झाली. नाटकाचा नायक फसलेल्या क्रांतीनंतर आठ वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून बाहेर येतो. ती आठ वर्षे संवादांतून सांगायची तर प्रेक्षक पेंगला असता. पिस्काटोरने ती चित्रफितीतून दाखवली: करार, संप, चलनवाढ, नाचगाणी, नवे पुढारी. बाहेर आलेल्या नायकाला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक झालेले असते आणि पुढच्या प्रत्येक प्रवेशातला ताण या फरकातून निर्माण होतो. नेपथ्य म्हणजे अनेक मजल्यांचा लोखंडी सांगाडा होता. त्याच्या कप्प्यांत नट खेळत आणि त्याच कप्प्यांवर चित्रे पडत.

पुढच्याच वर्षी ‘श्वाइक’च्या प्रयोगात चित्रकार जॉर्ज ग्रॉसची व्यंगचित्रे पडद्यावर हलू लागली आणि नट सरकत्या पट्ट्यांवर चालू लागले. पट्ट्यांचा खडखडाट इतका होता की संवाद ऐकू येणे मुश्कील होई. पिस्काटोरची नाट्यसंस्था १९२८ मध्ये दिवाळखोरीत गेली. यंत्रांचा आवाज आणि यंत्रांचा खर्च या दोन अडचणी त्या वर्षापासून या कलेच्या मागे लागल्या आहेत, त्या आजही सुटलेल्या नाहीत.

नाटककार ब्रेख्त पिस्काटोरच्या मंडळींत वावरलेला, पण त्याने हे साधन फार काटकसरीने वापरले. कास्पार नेहेरच्या नेपथ्यात पडद्यावर प्रवेशांची शीर्षके येत आणि पुढे काय घडणार हे आधीच सांगून टाकत. मग प्रेक्षकाचे लक्ष ‘काय होणार’ यावरून ‘कसे होते’ याकडे वळे. अमेरिकेत १९३५ नंतर सरकारी फेडरल थिएटर प्रोजेक्टने ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ या प्रकारात शेतीची दैना आणि गरिबांची घरे यांवर नाटके केली. त्यांत आकडेवारी, छायाचित्रे, मथळे पडद्यावर येत. १९३९ मध्ये काँग्रेसने निधी बंद केला आणि हा प्रकार संपला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम नव्या उंचीवर नेले ते प्रागचा नेपथ्यकार योसेफ स्वोबोडा याने. शिक्षणाने वास्तुविशारद आणि सुतारकामही शिकलेल्या स्वोबोडाने दिग्दर्शक आल्फ्रेड राडोक याच्याबरोबर १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात ‘लाटेर्ना माजिका’ सादर केली. नर्तक पडद्यावरून रंगमंचावर उतरल्यासारखे वाटत आणि पुन्हा चित्रात शिरत. निवेदिका पडद्यावरच्या स्वतःच्याच प्रतिमांशी गप्पा मारत असे. प्रदर्शनात या खेळाची इतकी वाहवा झाली की पुढे प्रागमध्ये त्यासाठी कायमचे नाट्यगृह उभे राहिले. पण या प्रकारातली मूळची अडचण खुद्द स्वोबोडाने ओळखली होती. चित्रफीत आधी तयार होते आणि ती बदलता येत नाही, त्यामुळे तालमीत नाटक वाढत नाही आणि नट फितीचा गुलाम होतो. यावरचा एक उपाय त्याने १९६५ मध्ये बोस्टनला लुइजी नोनो याच्या ‘इंतोलेरान्झा १९६०’ या संगीतिकेत करून पाहिला. टीव्ही कॅमेरे प्रयोग चालू असतानाच दृश्ये टिपत आणि ती लगेच पडद्यांवर दिसत. कॅमेरा प्रेक्षकांवरही वळे आणि त्यांना स्वतःचे चेहरे पडद्यावर दिसत.

भारतात त्याच सुमारास कलकत्त्यात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी चित्राशिवाय, नुसत्या उजेडाने असेच परिणाम साधले होते. १९५९ च्या उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकाच्या शेवटी कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते आणि कामगार बुडतात. त्याच वर्षीच्या ‘सेतू’मध्ये आगगाडी अंगावर येते. दोन्ही ठिकाणी साधने मामुली आणि हिशेब काटेकोर होता. पडद्यावर हलते पाणी दाखवले तर प्रेक्षक पाण्याकडे पाहतो. तापस सेन यांच्या पाण्यात प्रेक्षकाला बुडणारी माणसे दिसत. प्रोजेक्शनच्या आजच्या शिक्षणात हा धडा पिस्काटोरच्या बरोबरीने शिकवला जायला हवा, पण तसे क्वचितच घडते.

साधने पुढे झपाट्याने बदलली. १९६१ मध्ये कोडॅकचा कॅरूसेल स्लाइड प्रोजेक्टर आला आणि अनेक दशके नाटकवाल्यांनी त्यावरच भिस्त ठेवली. असे अनेक प्रोजेक्टर एकमेकांवर लावून एक चित्र मावळवत दुसरे उजळवत नेणे हे तेव्हाचे मोठे कौशल्य होते. १९९३ मध्ये ब्रॉडवेवर ‘टॉमी’ या संगीतिकेसाठी वेंडल हॅरिंग्टन यांनी केलेले प्रोजेक्शन हा त्या काळातला गाजलेला नमुना. कॅरूसेलचे उत्पादन २००४ मध्ये थांबले, तोवर डिजिटल प्रोजेक्टर स्वस्त होत होते आणि संगणकावरची सॉफ्टवेअरे नाटकवाल्यांच्या हाती आली होती. हॅरिंग्टन यांच्या पुढाकाराने येल विद्यापीठात २०१० पासून प्रोजेक्शन हा पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला.

साधन स्वस्त झाले की आधी त्याचा वापर पडद्यासारखा होतो. जंगल हवे तर जंगलाचे चित्र, पाऊस हवा तर पाऊस. लंडनमध्ये २००४ साली आलेल्या ‘द वुमन इन व्हाइट’ या संगीतिकेत विल्यम डडली यांनी वळत्या भिंतींवर जवळजवळ सगळी स्थळे प्रोजेक्शनने उभी केली. पडद्यावरचा बगीचा फिरत राही, नट त्यापुढे उभे राहात आणि कोण कुठे उभा आहे हे कळेनासे होई. काही समीक्षकांनी या फिरत्या चित्रांवर टीका केली. याच्या अगदी उलट वाट २००७ च्या ‘वॉर हॉर्स’ची. नेपथ्यकार रे स्मिथ यांनी रंगमंचावर फाटक्या कागदाची एक लांब पट्टी टांगली आणि फिफ्टी नाइन प्रॉडक्शन्सने त्या पट्टीवर कोळशाने काढल्यासारखी रेखाचित्रे उमटवली. पट्टी म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याच्या चित्रवहीचे फाडलेले पान. डेव्हनची शेते आणि फ्रान्सच्या आघाडीवरचा चिखल त्या पानावर येतो, बाकी सगळा रंगमंच बाहुलीघोड्यांसाठी मोकळा राहतो. पडदा म्हणून चित्र वापरायचेच असेल तर ते कोणी काढले याचे उत्तर नाटकातच असावे, हे ‘वॉर हॉर्स’कडून शिकण्यासारखे आहे.

मुंबईत फिरोज अब्बास खान यांचे २०१६ मधले ‘मुघल-ए-आझम’ आणि २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडताना सादर झालेले ‘द ग्रेट इंडियन म्युझिकल’ हे या भव्य वाटेवरचे भारतीय नमुने. ‘मुघल-ए-आझम’चे प्रोजेक्शन जॉन नारून यांचे होते. महाल, दरबार, शीशमहल यांची ऐट प्रेक्षकाला अपेक्षित असते आणि इथे ती मिळते. असे नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकूनच करता येते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

पात्र म्हणून चित्राचा भारतीय रंगभूमीवरचा सर्वांत नेटका वापर गिरीश कार्नाड यांच्या ‘ओडकलु बिंब’ या नाटकात आहे. हिंदीत ते ‘बिखरे बिंब’ झाले. मंजुळा नायक ही कन्नड लेखिका इंग्रजी कादंबरीने एकाएकी जगप्रसिद्ध होते. टीव्ही स्टुडिओत भाषण संपवून ती निघते, तेवढ्यात पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला थांबवते आणि प्रश्न विचारू लागते. बाकी पूर्ण नाटक म्हणजे एक जिवंत नटी आणि तिचेच चित्रित रूप यांची उलटतपासणी. कन्नड आणि हिंदीत अरुंधती नाग यांनी, तर अलेक पदमसी यांच्या इंग्रजी प्रयोगात शबाना आझमी यांनी ही भूमिका केली. आझमींची चित्रफीत एका सलग टेकमध्ये घेतलेली होती.

या नाटकातली नटीची कसरत जवळून पाहिली तर प्रोजेक्शनचा सगळा पेच उलगडतो. पडद्यावरची मंजुळा प्रश्न विचारून ठरलेले सेकंद थांबते आणि पुढे बोलते. तेवढ्या वेळात जिवंत मंजुळेचे उत्तर बसलेच पाहिजे. प्रेक्षक हसले तर हशा ओसरेपर्यंत नटी थांबू शकते, पडदा थांबत नाही. वाक्य विसरले तर सहकलाकार सावरून घेतो, इथे सहकलाकार म्हणजे ठरलेल्या वेगाने पुढे जाणारे आपलेच चित्र. चित्रीकरणाच्या दिवशी कुणालाही माहीत नसलेल्या प्रेक्षकासाठी विराम किती ठेवायचा, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. अशी बंधने नाटकाला सहसा घातक ठरतात. इथे ती आशयाला जुळून येतात, कारण मंजुळेला जिच्यापासून पळता येत नाही ती ही प्रतिमाच आहे.

ही कोंडी फोडायचा दुसरा मार्ग म्हणजे जिवंत कॅमेरा. बर्लिनच्या फोल्क्सब्यून नाट्यगृहात दिग्दर्शक फ्रांक कास्टोर्फने नटांना बंद खोल्यांत पाठवले आणि आत काय चालले आहे ते फक्त कॅमेऱ्यातून दाखवले. नट इमारतीत हजर असूनही डोळ्यांना दिसत नाही, यातून एक चमत्कारिक अस्वस्थता निर्माण होते. केटी मिचेल यांनी २००६ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीवरून केलेल्या ‘वेव्हज’मध्ये उलटाच खेळ मांडला. वर पडद्यावर एका बाईचा हात खिडकीच्या पावसाळी काचेवर टेकलेला दिसतो. खाली रंगमंचावर दिसते की काच एका नटाने धरली आहे, पाणी दुसरा शिंपडतो आहे, हात तिसऱ्याचा आहे आणि आवाज चौथ्याचा. चित्र फसवे आहे हे डोळ्यांदेखत कळूनही मन त्यात गुंतते. इवो व्हान होव यांच्या ‘रोमन ट्रॅजेडीज’ आणि ‘नेटवर्क’मध्ये कॅमेरा म्हणजे राजकारणाचा आणि वृत्तवाहिनीचा कॅमेरा, म्हणून तो कथेतून उपरा वाटत नाही. सिडनी थिएटर कंपनीसाठी किप विल्यम्स यांनी २०२० मध्ये बसवलेल्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मध्ये एकच नटी सव्वीस भूमिका करते. काही रेकॉर्ड केलेल्या, काही त्याच क्षणी टिपलेल्या प्रतिमांतून ती स्वतःशीच एका टेबलाभोवती बसते. देखण्या चेहऱ्याच्या हव्यासाची ही गोष्ट मोबाइलच्या सेल्फीपर्यंत नेली तरी ओढूनताणून वाटत नाही.

जिवंत कॅमेऱ्याचा धोका असा की पडद्यावरचा चेहरा खालच्या माणसाच्या कित्येक पट मोठा असतो आणि डोळा नेहमी मोठ्या, हलत्या, उजळ गोष्टीकडे जातो. पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला मोठा चेहरा दिसला म्हणून आनंद होतो, पण अर्ध्या तासाने तो सिनेमाच पाहत असतो. म्हणून कसलेले दिग्दर्शक मधूनमधून पडदा बंद करतात. तांत्रिक धोका उशिराचा. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद. कॅमेरा, मिक्सर, संगणक, प्रोजेक्टर प्रत्येकी एक-दोन चित्रांचा उशीर लावतात आणि बेरीज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांवर जाते. ओठ आवाजाच्या मागे पडतात. थेट कानावर येणारा नटाचा आवाज लांबवता येत नाही. त्यामुळे साखळीतली यंत्रे कमी करणे किंवा ओठ दिसणार नाहीत असे कोन निवडणे, एवढेच हातात उरते.

बाकी तांत्रिक बाजू मुख्यतः उजेडाच्या भांडणाची आहे. प्रोजेक्टरची ताकद ल्युमेनमध्ये मोजतात आणि ती चित्राच्या क्षेत्रफळाने भागली की पडद्यावरचा उजेड लक्समध्ये मिळतो. आठ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच चित्र म्हणजे छत्तीस चौरस मीटर. सभागृहात भाड्याने मिळणारा पाच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर जेमतेम १४० लक्स टाकतो. नटाचा चेहरा नीट दिसण्यासाठी त्याच्यावर सहज पाचशे ते हजार लक्स पडतात. समोरच्या दिव्यांचा थोडासा उजेड जरी पडद्यावर सांडला तरी चित्र दुधात पाणी घातल्यासारखे पांचट होते. वीस हजार ल्युमेनचे यंत्र आणले तर साडेपाचशे लक्स मिळतात, पण भाडे, वजन आणि पंख्याचा आवाजही वाढतो. म्हणून प्रकाशयोजनाकाराला चेहऱ्याचा उजेड बाजूने आणि उंचावरून घ्यावा लागतो, नटाला पडद्यापासून दोन-तीन मीटर दूर ठेवावे लागते आणि जमिनीवर गडद रंगाचे आच्छादन टाकावे लागते. हे सगळे नेपथ्य ठरतानाच ठरायला हवे. तालमी संपत आल्यावर व्हिडिओवाल्याला बोलावले की भांडण ठरलेले असते आणि त्यात चेहरा हरतो.

काळोखही फुकट मिळत नाही. प्रोजेक्टर काळे चित्र दाखवत असतानाही थोडा उजेड गळत राहतो आणि पूर्ण ब्लॅकआउटमध्ये रंगमंचावर करडा चौकोन तरंगत राहतो. भिंगापुढे यांत्रिक झडप बसवून ती ठरलेल्या क्षणी बंद करणे हाच यावरचा खात्रीचा इलाज. समोरून चित्र टाकले तर नटाची सावली पडते. मागून टाकायचे तर जागा लागते. आठ मीटर रुंद चित्रासाठी साध्या भिंगाला पडद्यामागे दहा-बारा मीटर अंतर हवे, जवळून फेकणाऱ्या महागड्या भिंगालाही सहा-सात मीटर. मराठी नाट्यगृहांच्या रंगमंचात तेवढी जागा सोडली तर नटांना खेळायला अरुंद पट्टी उरते. जाळीदार गॉझचा पडदा पुढे लावला तर चित्र आणि मागचा नट दोन्ही दिसू शकतात, पण गॉझ बराचसा उजेड आरपार जाऊ देते, त्यामुळे चित्र फिके पडते आणि तोच उजेड मागच्या भिंतीवर चित्राची पुसट दुसरी प्रत काढतो. एलईडी भिंतीला या अडचणी नाहीत. तिची अडचण उलटी: ती गरजेपेक्षा फार उजळ असते, शेजारचा नट तिच्यापुढे सावलीसारखा काळवंडतो आणि पहिल्या रांगांतल्या प्रेक्षकांना ठिपके दिसतात. नाटकात एलईडी वापरायची तर तिची उजळता बऱ्याचदा पंधरा-वीस टक्क्यांवर आणावी लागते.

चित्र कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, यावर प्रयोग जिवंत राहतो की मरतो हे ठरते. प्रोजेक्शनचा अनुभवी माणूस एक लांब फीत करत नाही. तो छोटे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी फिरत राहणारा भाग ठेवतो. पाऊस पडत राहतो, लाटा येत राहतात आणि नटाने ठरलेला शब्द उच्चारला की पुढचा तुकडा सुरू होतो. क्यूलॅब, वॉचआउट, आयसाडोरा, रेझोल्यूम, डिसगाइज ही सॉफ्टवेअरे मुळात याच सोयीसाठी वापरली जातात. त्यांपैकी क्यूलॅब फक्त मॅकवर चालते, म्हणून अनेक छोट्या संस्था रेझोल्यूमवर किंवा थेट पॉवरपॉइंटवर काम भागवतात. पॉवरपॉइंटने चालते, फक्त चुकून कळ दोनदा दाबली गेली तर मागे येताना संपूर्ण सभागृहाला कळते. उजेड, ध्वनी आणि चित्र यांचे क्यू, म्हणजे बदलाचे इशारे, एकाच संहितेवर नोंदवलेले असावेत आणि ते एकाच माणसाने द्यावेत, हा नियम यंत्र कोणतेही असले तरी पाळावा लागतो.

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर प्रोजेक्शन तुरळक का आहे, याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा दौऱ्यात शोधावे. नाटक दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात होते. नेपथ्य टेम्पोतून येते आणि आधीचा प्रयोग संपल्यानंतर मिळणाऱ्या थोड्या वेळात उभे राहते. दादरचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व, प्रत्येकाची रुंदी, खोली आणि दिव्यांच्या जागा वेगळ्या. प्रत्येक ठिकाणी प्रोजेक्टर नव्याने टांगा, चित्राचे कोपरे पडद्याशी जुळवा, फोकस करा, असे म्हटले तर तासभर तिथेच जातो, आणि तो तास दिवे लावण्याच्या वेळेतून कापला जातो. याला पुरून उरणारे मार्ग दोनच दिसतात. एक, चित्र छोटे ठेवायचे, नेपथ्यातल्या एखाद्या ठरलेल्या चौकटीपुरते, आणि प्रोजेक्टर त्या चौकटीशीच पक्का बसवायचा म्हणजे दोघे एकत्र प्रवास करतात. दुसरा, कार्नाडांसारखा एक टीव्ही पडदा घ्यायचा आणि त्याला पात्राचा दर्जा द्यायचा. भव्य पार्श्वभूमीचा मोह या रंगभूमीला परवडत नाही आणि वर सांगितलेल्या अनुभवांवरून तो सोडण्यात नुकसानही फारसे नाही.

मोठ्या आणि स्थिर नाट्यगृहांतही यंत्रे दगा देतात. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात रॉबेर लपाज यांनी वाग्नरच्या ‘रिंग’साठी चोवीस फिरत्या फळ्यांचे, सुमारे ४५ टनांचे यंत्र उभारले होते. फळ्यांवर प्रोजेक्शन पडे आणि गायकांच्या हालचालींना प्रतिसाद देई. त्यासाठी रंगमंचाला पोलादी आधार द्यावे लागले. सप्टेंबर २०१० मधल्या पहिल्याच रात्री शेवटच्या प्रवेशात फळ्या वळल्या नाहीत. इंद्रधनुष्याचा पूल झालाच नाही आणि देवांना वल्हाल्ला या आपल्या महालाकडे न जाताच रंगमंचावरून निघून जावे लागले.

श्रेय आणि हक्क यांचे नियम अजून पुरते बसलेले नाहीत. टोनी पुरस्कारांत प्रोजेक्शनसाठी वेगळा विभाग नाही. २०१५ मध्ये ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’साठी नेपथ्याचा टोनी बनी क्रिस्टी यांच्याबरोबर व्हिडिओ करणाऱ्या फिन रॉस यांनाही मिळाला, तेव्हा हे काम नेपथ्यातच मोजले गेले. भारतात छायाचित्रांवरचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. इंटरनेटवरून उचललेला जुना फोटो पडद्यावर टाकणाऱ्या संस्थेने त्याचा मालक शोधलेला असावा, ही अपेक्षा आहे. बहुतेक संस्था तसे करत नाहीत.

जतनाची बाजू सर्वांत कच्ची आहे. नाटकाची संहिता छापली जाते, नेपथ्याचे आराखडे कपाटात राहतात, पण प्रोजेक्शन विशिष्ट पडद्याच्या मापाला आणि विशिष्ट सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला बांधलेले असते. पुनरुज्जीवनासाठी तयार फितींबरोबर चित्रांचे मूळ थर, वापरलेले फाँट, प्रोजेक्टरची जागा आणि भिंगाची नोंद, पडद्याच्या कापडाचा नमुना आणि क्यूची संहिता एवढे सगळे लागते. हे क्वचितच कुणी ठेवते. बहुधा मागे राहते ते प्रयोगाचे चित्रीकरण. त्यात कॅमेऱ्याने चेहऱ्यांच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर धरलेले असते, त्यामुळे प्रोजेक्टरचे चित्र फिकट पडलेले असते आणि एलईडी भिंत असेल तर तिच्या जागी पांढरा चौकोन दिसतो.